बोळ, भिंत आणि जातं

(हुतात्मा बाबू गेनू यांच्या स्मृतिदिनानिमित्त शिनोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज 12 डिसेंबर. 1930 साली याच तारखेला मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर विदेशी कापडाने भरलेली मालमोटार अडवायला आपल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद पुढे झाला आणि तिच्या चाकाखाली गेला. वय अवघं 22. गिरणीत राबणारा शेतकऱ्याचा पोरगा. देशाला देण्यासाठी त्याच्यापाशी पैसा नव्हता, पद नव्हतं. शरीर होतं, ते त्याने दिलं. इथून वर डिंभ्याच्या धरणात जे पाणी साठतं, त्या सागराला आज त्याचं नाव आहे.

संयोजकांनी मला विषय निवडायला सांगितला तेव्हा मी शरीराच्या हालचालींचा विषय मागून घेतला. हुतात्म्याच्या स्मृतिदिनी व्यायामावर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण या खोऱ्यातल्या माणसाकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडवल म्हणून शरीरच होतं. त्यावरच तो इथे भात पिकवत आला, त्यावरच तो मुंबईला गिरणीत, गोदीत, भाजीच्या बाजारात गेला. त्या भांडवलाची निगा कशी राखायची हे सांगणं मला आजच्या दिवसाला शोभणारं वाटतं. मी आयुष्यभर शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. मला जे कळलं ते सोप्या शब्दांत सांगतो.

सुरुवात माझ्या आईपासून करतो.

डिंभ्याच्या वरच्या अंगाला आमची खाचरं होती. आषाढात चिखलणी झाली, की दाढीतलं, म्हणजे रोपवाटिकेतलं, रोप उपटायचं, त्याच्या मुठी बांधायच्या, त्या खाचरात जागोजाग टाकायच्या, आणि मग बायकांनी ओळीने कमरेत वाकायचं. डाव्या हातात मूठ. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं त्यातून तीन-चार काड्या वेगळ्या करणार, त्या चिखलात दाबणार, आणि पाय एक पाऊल मागे. पुन्हा काड्या, पुन्हा दाबणं, पुन्हा मागे. पाठीवर इरलं आणि इरल्यावर पावसाची झोड. सकाळी वाकलेली कंबर न्याहारीला सरळ व्हायची, दुपारच्या भाकरीला सरळ व्हायची, बाकी दिवसभर वाकलेलीच.

दिवस मावळताना आई बांधावर यायची. चिखलाचे हात धुण्याच्या आधी ती ते दोन्ही हात मागे कमरेवर टेकवायची आणि आभाळाकडे तोंड करून मागे वाकायची. डोळे मिटलेले. मग एकदा उजवीकडे कलायची, एकदा डावीकडे. मग पाय तिथेच ठेवून खांद्यांनी एकदा या अंगाला वळायची, एकदा त्या अंगाला. आणि मग ओढ्याकडे जायची. शेजारच्या बांधावर दुसरी बाईही तेच करत असायची, तिच्या पलीकडची तिसरीही. मी लहान होतो. मला वाटायचं, काम संपल्याची ही काहीतरी रीत असावी.

पुढे शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी मानवी हालचालींची तीन प्रतलं शिकवली गेली. फळ्यावर माणसाची आकृती होती आणि तिला छेदणारे तीन पृष्ठभाग. बाकीची मुलं लॅटिन नावं पाठ करत होती. मी आईचा बांध पाहत होतो. मागे, बाजूला, वळून. तिने तिन्ही प्रतलं रोज संध्याकाळी ओलांडली होती.

आता ही प्रतलं म्हणजे काय ते पाहू. प्रतल हा शब्द विद्यार्थ्यांना भूमितीतून माहीत आहे. सपाट, जाडी नसलेला, हवा तितका पसरणारा पृष्ठभाग. शरीर कसंही हललं तरी ते कुठल्या तरी प्रतलात हलतं, आणि मोजायला गेलं तर मूळ प्रतलं तीनच. त्यांची नावं इंग्रजी पुस्तकांत अवघड आहेत. मी मुलांना शिकवताना त्यांना बोळ, भिंत आणि जातं म्हणायचो. तुम्हीही तसंच म्हणा.

पहिला बोळ. जुन्या गावठाणात दोन घरांच्या मध्ये असतो तसा चिंचोळा बोळ डोळ्यांपुढे आणा. तुम्ही त्यात उभे आहात, दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना घासतायत. आता काय करता येईल? पुढे चालता येईल, मागे सरकता येईल. वाकता येईल, उठता-बसता येईल, गुडघा छातीकडे नेता येईल, हात समोरून डोक्यावर नेता येईल. बाजूला पाय टाकता येणार नाही आणि वळताही येणार नाही. या पुढे-मागे होणाऱ्या हालचालींच्या प्रतलाला सॅजिटल प्रतल म्हणतात. लॅटिनमध्ये सॅजिटा म्हणजे बाण. कवटीच्या हाडांच्या शिवणींपैकी दोन इथे पाहू. एक कपाळाच्या मागे आडवी, कमानीसारखी. दुसरी तिच्या मध्यापासून सरळ मागे जाणारी, धनुष्याला लावलेल्या बाणासारखी. त्या बाणाच्या रेषेतली हालचाल ती सॅजिटल.

दुसरी भिंत. टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकून उभे राहा आणि भिंतीपासून सुटायचं नाही असं ठरवा. आता हात बाजूने वर नेता येतील, एका अंगाला कलता येईल, खेकड्यासारखं आडवं सरकता येईल. पुढे मात्र एक पाऊलही टाकता येणार नाही. हे कोरोनल प्रतल. कोरोना म्हणजे मुकुट. मघाशी सांगितलेल्या आडव्या शिवणीला ते नाव आहे, तिच्यावरून या प्रतलाला.

तिसरं जातं. खालची तळी स्थिर, वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरते. आपले पाय खालची तळी, खांदे वरची तळी आणि मणक्यांचा कणा ही मधली खीळ. मान वळवून मागे पाहणं, गोफण फिरवणं, कुऱ्हाडीचा घाव तिरपा घालणं, चेंडू फेकणं, या सगळ्यांत जातं फिरतं. हे ट्रान्स्व्हर्स, म्हणजे आडवं प्रतल.

खऱ्या आयुष्यात कुठलीच हालचाल निव्वळ एका प्रतलात होत नाही. पण एखाद्या कामात कुठलं प्रतल भरपूर वापरलं जातंय आणि कुठलं उपाशी राहतंय, हे या तीन शब्दांनी चटकन ओळखता येतं. माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

निसर्गाने शरीर तिन्ही दिशांसाठीच घडवलं आहे याचा पुरावा तुमच्या कानात आहे. कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी जवळपास काटकोनात बसवलेल्या आहेत. डोकं कुठल्याही दिशेने फिरलं, की कुठल्या ना कुठल्या नलिकेतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला खबर जाते. जगाला तीन दिशा आहेत म्हणून नलिका तीन.

सांध्यांचंही तसंच. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा, बोळात चालणारा. खुबा आणि खांदा मात्र उखळीतल्या गोळ्यासारखे, तिन्हीकडे फिरणारे. कमरेचे पाच मणके पुढे-मागे छान वाकतात, पण वळायला फार कमी मोकळे. एकेक मणका जेमतेम एक-दोन अंश वळतो. वळण्याचं खरं काम छातीच्या मागचे मणके आणि खुबे करतात. वाकलेल्या अवस्थेत, हातात वजन घेऊन, पाय रोवून कमरेतून वळणं धोक्याचं असतं ते यामुळे. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारी आपल्याकडची माथाडी मंडळी हे पुस्तक न वाचता जाणतात. जाणता हमाल ओझं घेतलेला असताना कंबर वळवत नाही. तो पावलं टाकून सगळाच्या सगळा वळतो. घरातला गॅस सिलिंडर उचलताना, पिकअपमध्ये कांद्याची गोणी टाकताना हा एक नियम पाळा. पाय आधी वळू द्या.

आता थोडं चालण्याविषयी. चालणं म्हणजे पुढे जाणं, म्हणजे बोळातला व्यायाम, असं आपण धरून चालतो. पण चालताना तुम्ही एका वेळी किती पायांवर असता? नेहमीच्या वेगाने चालणाऱ्या निरोगी माणसाचे दोन्ही पाय एकदम जमिनीवर असतात ते सुमारे 20 टक्के वेळ. उरलेला 80 टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. एका पायावर आलं, की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकू पाहते. तिला तोलून धरतो तो खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू, ग्लुटिअस मीडियस. तो भिंतीच्या प्रतलातला पहारेकरी आहे. 1895 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक फ्रिडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी दाखवून दिलं, की हा स्नायू दुबळा असेल तर एका पायावर उभं राहताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते. डॉक्टर आजही ती परीक्षा करतात.

आपणही करून पाहू. ज्यांना जमेल त्यांनी उभे राहा. वृद्धांनी खुर्चीची पाठ धरा, मुलांनी एकमेकांपासून हातभर लांब व्हा. (श्रोते उभे राहतात.) आता उजवा पाय वीतभर उचला. डाव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला तळहात ठेवा. तिथे काहीतरी घट्ट झालेलं हाताला लागतंय? तोच तो पहारेकरी. पाय खाली ठेवा. आता दुसरा. बऱ्याच जणांना एक बाजू सोपी गेली असेल आणि दुसरी अवघड. जी अवघड गेली ती लक्षात ठेवा, ती तुमच्याकडे काहीतरी मागते आहे. बसा.

हे मी तुम्हाला सांगतो आहे, कारण मला ते उशिरा कळलं. निवृत्तीनंतर बरीच वर्षं मी रोज पहाटे डांबरी सडकेने पाच किलोमीटर चालायचो. एक दिवस चुकलो नाही. एका भाद्रपदात गावी गेलो आणि खाचराच्या बांधावरून निघालो. बांध ओला. डावा पाय घसरला आणि मी उजवीकडे कललो. तोल सावरायला एक पाऊल पटकन बाजूला पडायला हवं होतं. ते पडलंच नाही. पायात ताकद होती, दम होता, पण आडवं पाऊल टाकायची सवय मोडली होती. मी आडवा खाचरात पडलो. हाड मोडलं नाही, खुबा मात्र महिनाभर ठणकत होता. माझ्या मागून येणाऱ्या सत्तरीतल्या मावशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्याच बांधावरून सहज पुढे गेल्या. त्या रोज बांधावरून चालत होत्या, मी रोज सडकेवरून.

म्हातारपणी बाजूला पडणं हे पुढे पडण्यापेक्षा वाईट. पुढे पडताना हात पुढे येतात, मार मनगटावर निभावतो. बाजूला पडताना भार थेट खुब्याच्या हाडावर येतो. खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो, आणि पुढचं तुम्ही घरोघरी पाहिलं आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांपुढच्या लोकांसाठी नुसतं चालणं पुरेसं मानलेलं नाही. आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा, विविध प्रकारचा व्यायाम करा असं त्यात सांगितलं आहे.

आता आपल्या खोऱ्याकडे येऊ. शिनोली हा उंबरठा आहे. इथून पूर्वेला घोडेगाव, मंचर, तिकडे कालव्याचं पाणी, ऊस, बटाटा, कांदा. इथून पश्चिमेला डिंभे, तळेघर, भीमाशंकर, आहुपे, तिकडे डोंगर, भात, नाचणी, हिरडा. दोन्हीकडे माणूस कष्ट करतो, पण शरीराला मिळणाऱ्या दिशा सारख्या नाहीत.

हिरडा गोळा करणारा माणूस झाडावर चढतो तेव्हा एक पाय या फांदीवर, दुसरा आडव्या त्या फांदीवर, एका हाताने खोड, दुसऱ्या हाताने बाळहिरडा. बोळ, भिंत, जातं, तिन्ही एकाच वेळी. डोक्यावर हंडा आणि कडेवर मूल घेऊन चढण चढणारी बाई कडेच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूंनी सगळा तोल सांभाळते. एकेकाळी घरोघरी जातं होतं. पहाटे समोरासमोर बसून दोघी जणी खुंटा ओढत, आणि पाठीचा वरचा भाग डावी-उजवीकडे वळत राही. उखळात मुसळ घालणं मात्र बोळातलं, वर-खाली. दळण आणि कांडण एकाच अंगणात होतं, म्हणून एकाने वाकवलं तर दुसरं वळवत असे.

इथे मला एक स्पष्ट सांगायचं आहे. जुन्या माणसांना कष्ट होते म्हणून त्यांना व्यायामाची गरज नव्हती, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. ते पूर्ण खरं नाही. माझ्या आईची कंबर पन्नाशीतच कायमची वाकली. लावणी, बेणणी, कापणी, तिन्ही कामं एकाच प्रतलात, एकाच दिशेला, पुढे वाकून. तिन्हीत कष्ट अपार आणि दिशा एकच. संध्याकाळची बांधावरची ती दोन मिनिटं तिच्या शरीराने मागितलेली भरपाई होती, आणि ती पुरेशी नव्हती. तिला कुणी दहा मिनिटं दिली असती, कुणी सांगितलं असतं की दर तासाला बांधावर ये आणि मागे वाक, तर तिचं म्हातारपण थोडं ताठ गेलं असतं असं मला आजही वाटतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. काम ज्या दिशेने होतं ती दिशा शरीराला आपोआप मिळते. काम ज्या दिशा विसरतं त्या द्यायच्या कशा, हा व्यायामाचा खरा प्रश्न. किती केलं याच्या आधी कुठल्या दिशेने केलं हे विचारा.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचं उत्तर आखाड्यात दिलं होतं. जोर आणि बैठका या बोळातल्या, पण पैलवान तेवढ्यावर थांबत नसे. तो मुद्गल घेई, करेला फिरवी. जड लाकूड खांद्यामागून फिरवताना सगळी वरची तळी फिरते. इंग्रजांना हा प्रकार इतका आवडला, की एकोणिसाव्या शतकात त्यांनी तो इंडियन क्लब म्हणून आपल्या देशात नेला. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात सापडतो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्या विद्येला पुन्हा जीव दिला. खांबावर उलटं होऊन पायाची तिढी घालणारा मुलगा पाहा. त्याला वर-खाली, डावं-उजवं सगळं सारखंच झालेलं असतं. कुस्तीतही हेच. पट काढणं हा पुढे झेपावण्याचा डाव. कलाजंगात प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा. ढाक मारताना स्वतःच्या खुब्याभोवती फिरत त्याला उडवायचा. 1952 साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाकेत तरबेज होते. यात्रेच्या आखाड्यात लंगोट कसून उतरणारा आपल्याकडचा साधा गडीही हे तिन्ही डाव अंगात मुरवून उतरतो.

आणि खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधले. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ जगाला दाखवले. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे 10 खंड सिद्ध केले. या माणसांना ठाऊक होतं, की मैदान हे शरीराचं विद्यापीठ आहे.

खो-खोत आठ गडी बसलेले, एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे फिरता येत नाही. त्याला फक्त बोळ. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. तो साखळी खेळतो, गड्यांच्या मधून आडवा निसटतो, खुंटाला वळसा घालतो. एकाला एकच दिशा आणि दुसऱ्याला सगळ्या, या विषमतेतच खेळाची गंमत आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हींची कप्तानी महाराष्ट्राकडे होती, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे यांच्याकडे.

पण माझा सगळ्यात लाडका खेळ आट्यापाट्या. नऊ आडव्या पाट्या, त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी. पाटी धरणारा गडी आपल्या आडव्या पाटीवरच सरकणार, डोळे समोरच्यावर, पाय डावीकडे-उजवीकडे. पाटी ओलांडणारा हुलकावण्या देणार. भिंतीच्या प्रतलाचा इतका अस्सल, इतका आनंदाचा व्यायाम जगात दुसरा असेल असं मला वाटत नाही. त्याला लागतं काय? मोकळी जागा आणि पायलीभर फक्की.

बायकांकडे मंगळागौर होती. फुगडीत दोघी हातांची फुली घालून पाय जवळ आणतात, मागे झुकतात आणि गरगरतात. कानातल्या त्या नलिकांना यापेक्षा चांगली तालीम नाही. ज्या बायकांनी पन्नाशीपर्यंत फुगडी घातली त्यांच्या तोलाविषयी मला काळजी वाटत नाही.

एक शंका मला नेहमी विचारली जाते. सर, मी रोज 12 सूर्यनमस्कार घालतो, मग सगळं आलं ना? सूर्यनमस्काराविषयी माझ्या मनात आदर आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतः आयुष्यभर ते घातले, संस्थानच्या शाळांतून मुलांना घालायला लावले आणि पुस्तकं लिहून घरोघरी पोचवले. पण नीट पाहा. वर हात, खाली वाकणं, पाय मागे, साष्टांग, भुजंग, पुन्हा वर. सगळं बोळात. पुढे वाकणं आणि मागे वाकणं यांचा असा सुरेख तोल दुसऱ्या व्यायामात नाही. भाताची आवणी करणाऱ्या बाईला तर त्यातला भुजंग म्हणजे औषधच. तरी भिंत आणि जातं बाहेर राहतंच. पुण्यात राहून ज्यांनी जगाला योग शिकवला त्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीत उभ्याच्या आसनांची सुरुवात पाहा. उत्थित त्रिकोणासन, बाजूला कलणं. परिवृत्त त्रिकोणासन, तेच पण वळून. म्हणून सूर्यनमस्कारांच्या शेवटी ही दोन आसनं जोडा. तीन मिनिटं जास्त लागतील, आणि व्यायाम पूर्ण होईल.

आता आजचा दिवस पाहा. खुंटा गेला, गिरणी आली. डोक्यावरचा हंडा गेला, नळ आला. हे बरंच झालं, ते कष्ट परत यावेत असं मी कधीही म्हणणार नाही. पण कष्टाबरोबर दिशाही गेल्या. तरुण मोटारसायकलवर बसतो, हात पुढे, मान पुढे. ट्रॅक्टरवर तेच. घरी आला की मोबाईल, मान आणखी पुढे. जिममध्ये गेला तर यंत्रावर बसून ढकलायचं आणि ओढायचं, पट्ट्यावर सरळ धावायचं. मग तोच मुलगा यात्रेत कबड्डीच्या मैदानात उतरतो. पाय रोवलेला, अंग वळलेलं, बाजूने धडक, आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो. गुडघा बिचारा बिजागरी. वळण्याचा आणि आडव्या जोराचा भार खुब्याने आणि घोट्याने झेलायचा असतो. त्यांना वर्षभर तालीम नसेल तर तो गुडघ्यावर येतो.

तेव्हा ज्याने त्याने आपल्या कामाकडे पाहून ठरवावं. आवणीला, बेणणीला, बटाटा वेचायला जाणाऱ्या माझ्या बहिणींनी दर तासाला दोन मिनिटं बांधावर यावं. हात कमरेवर, मागे वाकणं पाच वेळा, बाजूला कलणं, सावकाश वळणं. मुकादमाने आणि घरच्या पुरुषांनी त्या दोन मिनिटांना कामचुकारपणा म्हणू नये. ट्रॅक्टर आणि जीप चालवणाऱ्यांनी उतरल्याबरोबर छाती उघडावी, दोन्ही बाजूंना मोठी आडवी पावलं टाकत दहा-दहा बैठका माराव्यात. विद्यार्थ्यांनी रोज अर्धा तास असा खेळ खेळावा ज्यात दिशा बदलावी लागते. आणि साठीपुढच्या मंडळींनी सकाळचं चालणं सोडू नये, पण घरी येऊन भिंतीला हात लावून वीस पावलं आडवी इकडे, वीस तिकडे, आणि दात घासताना एकेका पायावर उभं राहणं, एवढं जोडावं. ज्यांना मणक्याचा किंवा खुब्याचा त्रास आहे, ज्यांना चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. वळणं नेहमी सावकाश, ओझ्याशिवाय.

शेवटी एक मागणी. ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. शिनोलीत पटांगण आहे आणि पुढच्या सतरंजीवर बसलेली ही मुलं आहेत. उद्या सकाळी त्या पटांगणावर फक्कीने नऊ आडव्या रेषा आणि एक उभी रेषा मारा. रेषा मारायला मी स्वतः येईन. पहिल्या दिवशी मुलं खेळतील. दुसऱ्या दिवशी मुलींनाही पाटी धरायला द्या, आणि आठवड्यात एक संध्याकाळ बायकांसाठी राखून ठेवा. ज्या पोराने एक शरीर होतं ते देशाला दिलं, त्याच्या नावाने आपण आपली शरीरं निदान नीट वापरू.

डिसेंबर आहे. भात निघाला, खाचरं मोकळी झाली. पुढच्या आषाढात ती पुन्हा भरतील आणि बायका पुन्हा वाकतील. त्या वेळी एखाद्या बांधावर कुणी मागे वाकून, डोळे मिटून उभी दिसली, तर तिला हाक मारून घाई करू नका. तिचं होईपर्यंत थांबा.